नाटकाचे चित्र आणि कथेचे चित्र

प्राचीन ग्रीक मद्यकुंभावर मीडिया (नवऱ्यावरील सूडापोटी स्वतःची मुले मारणारी ग्रीक कथेतील स्त्री) दिसली की खाली ‘शोकांतिकेतील प्रसंग’ अशी ओळ ठोकून द्यायची, ही सवय आता मोडायला हवी. आकृत्या काळ्या की तांबड्या, घडण अथेन्सची की दक्षिण इटलीची, हे वाचकाला ठाऊक असतेच. गफलत होते ती दुसरीकडे: चित्रकाराने प्रयोग रंगवला आहे, की नाटकामागची कथा?

जर्मनीत व्युर्त्सबुर्ग येथील, इ. स. पू. 370च्या सुमारास दक्षिण इटलीतील आपुलियात घडलेला कुंभ निःसंशय प्रयोगाचा आहे. वेदीवर गुडघा टेकलेल्या ‘बाई’च्या हनुवटीवर दाढीचे खुंट आहेत, चेहरा मुखवट्याचा आहे, हातात तलवार आहे आणि ओलीस धरलेले तान्हे मूल म्हणजे चिमुकले बूट घातलेली दारूची पखाल आहे, समोरची स्त्री ‘रक्त’ वाया जाऊ नये म्हणून भांडे पुढे करते. हा अथेन्सचा विनोदी नाटककार अ‍ॅरिस्टोफनीस याच्या इ. स. पू. 411 मधील ‘थेस्मोफोरियाझूसाय’ या सुखात्मिकेतील प्रसंग आहे: बायकांच्या उत्सवात बाईच्या वेषात शिरलेला पुरुष पकडला जातो. अशा कुंभांना सरसकट ‘फ्लिआक्स’ (दक्षिण इटलीतील फार्सचे नाव) म्हणणे मला खटकते, कारण त्यामुळे अथेन्सचे नाटक इटलीतील स्थानिक फार्सच्या खात्यावर जमा होते.

आता अमेरिकेत क्लीव्हलंड येथील, इ. स. पू. 400च्या सुमाराचा कुंभ पाहावा. सूर्याच्या प्रभावळीत, नागांच्या रथात मीडिया उभी आहे. मुखवटा नाही, रंगमंच नाही. शोकांतिकाकार युरिपिडीसच्या ‘मीडिया’ नाटकात ती मुलांची प्रेते रथातून सोबत नेते, येथे मात्र प्रेते खाली वेदीवर पडली आहेत. चित्रकाराला नाटक ठाऊक असावे, असे मलाही वाटते. तरीही हे चित्र म्हणजे प्रयोगाचे छायाचित्र नव्हे. विनोदी नाटकाचा चित्रकार सोंगाचे टाके उसवून दाखवतो, तर शोकांतिकेचा चित्रकार प्रेक्षकाच्या मनात उभे राहिलेले रंगवतो, त्यामुळे तेथे नट शोधणे व्यर्थ आहे.

सॅटिरांच्या (मद्यदेव डायोनायससच्या शेपटीवाल्या अर्धमानवी सोबत्यांच्या) चित्रात नट ओळखायचा तर कंबर पाहावी. इटलीत रुवो येथे सापडलेल्या आणि आता नेपल्समध्ये असलेल्या प्रोनोमस कुंभावर (प्रोनोमस हा त्यावर मधोमध बसलेला वादक) नाटकाच्या वृंदातील तरुणांनी शेपूट लावलेल्या केसाळ चड्ड्या घातल्या आहेत आणि मुखवटे हातात धरले आहेत. एकाने मात्र मुखवटा चढवून नाच सुरू केला आहे. त्याच्या चड्डीची कड नजरेतून सुटली, तर तो खराखुरा सॅटिरच वाटतो.