‘फ्राउ फॉन वेबर’ नावाची कैदी: राजकन्या माफाल्दाची अखेरची वर्षे

इटलीचा राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा आणि माँटेनेग्रोची एलेना यांची दुसरी मुलगी माफाल्दा 19 नोव्हेंबर 1902 रोजी रोममध्ये जन्मली. 1925 मध्ये तुरिनजवळच्या राक्कोनिजीच्या वाड्यात तिचं लग्न जर्मनीतल्या हेसे राजघराण्याच्या प्रिन्स फिलिपशी झालं. तो जर्मन सम्राट (कैसर) विल्हेल्म दुसऱ्याचा भाचा. चार मुलं झाली, रोममध्येही घर होतं.

पुढची उलथापालथ कळायला आधी फिलिपकडे पाहावं लागतं. 1930 मध्ये तो नाझी पक्षात गेला आणि 1933 मध्ये हेसे-नासाऊ प्रांताचा प्रमुख झाला. हिटलर-मुसोलिनींमधले निरोप पोचवण्याचं काम त्याच्याकडे आलं ते मुख्यतः इटलीच्या राजाचा जावई म्हणून. त्याच्याच प्रांतातल्या हाडामारच्या मनोरुग्णालयात 1941 च्या जानेवारी ते ऑगस्टदरम्यान 10,000 हून अधिक रुग्णांना विषारी वायूने मारण्यात आलं. माफाल्दाला केवळ हुतात्मा म्हणून रंगवणारे लेख हा भाग गाळतात, आणि मग हिटलरच्या गोटात वावरणाऱ्या माणसाची बायको छळछावणीत कशी गेली याचा उलगडाच होत नाही.

जुलै 1943 मध्ये राजाने मुसोलिनीला पदावरून काढून अटक करवली. त्या दिवसापासून राजाचा जावई हिटलरच्या लेखी संशयित ठरला. ऑगस्टअखेर बल्गेरियाचा राजा बोरिस वारला. तो माफाल्दाचा मेहुणा, म्हणून ती अंत्यविधीसाठी सोफियाला गेली. ती परतायच्या आतच, 8 सप्टेंबरला, इटलीची दोस्त राष्ट्रांशी शस्त्रसंधी जाहीर झाली. राजा रोम सोडून दक्षिणेला निघून गेला, फिलिप जर्मनीत अटकेत पडला. मुलांना व्हॅटिकनमध्ये आसरा मिळाला होता, त्यांच्या ओढीने ती रोमला आली. 23 सप्टेंबरला ‘तुमच्या पतीचा महत्त्वाचा निरोप आहे’ असं सांगून तिला जर्मन वकिलातीत बोलावलं आणि तिथेच पकडलं. नवऱ्याच्या वजनावर तिची भिस्त होती, ते वजन तोवर उरलं नव्हतं.

म्युनिक, बर्लिन आणि मग बुखेनवाल्डची छळछावणी. तिथे खरं नाव सांगायची बंदी होती. नोंदीत ती ‘फ्राउ फॉन वेबर’. मुख्य छावणीबाहेर, उंच कुंपणाआडच्या खास बराकीत तिला ठेवलं. जर्मन समाजवादी नेते रुडोल्फ ब्राइटशाइड आणि त्यांची पत्नीही तिथेच होते. जेवण इतर कैद्यांपेक्षा बरं, पण बराक गुस्टलॉफ शस्त्रकारखान्याला खेटून. 24 ऑगस्ट 1944 रोजी अमेरिकी विमानांनी तोच कारखाना लक्ष्य केला. सुमारे 400 कैदी मेले, त्यांत ब्राइटशाइडही. माफाल्दा गळ्यापर्यंत ढिगाऱ्यात गाडली गेली, एक हात वाईट भाजला.

छावणी पुरुषांची, त्यामुळे स्त्रियांसाठी वेगळा दवाखाना नव्हता. तिला छावणीतल्या वेश्यागृहाच्या खोलीत ठेवलं. जखम चिघळत गेली, हात कापायचा निर्णय उशिरा झाला. छावण्या चालवणाऱ्या एसएस या नाझी संघटनेच्या डॉक्टर शिडलाउस्कीने केलेल्या शस्त्रक्रियेत फार रक्त गेलं. ती शुद्धीवर आलीच नाही. हल्ल्यानंतर चार दिवसांच्या आत ती गेली. शस्त्रक्रिया मुद्दाम लांबवली, असा आरोप तिथल्या एका इटालियन कैदी डॉक्टरने नंतर केला.

आज तिची कबर हेसे घराण्याच्या क्रोनबर्ग इथल्या दफनभूमीत आहे. फिलिप फ्लॉसेनबुर्ग छावणीतून वाचला, पुढे 1947 पर्यंत दोस्त राष्ट्रांच्या कैदेत राहिला. हाडामारबद्दल त्याच्यावर ठेवलेले आरोप मागे घेण्यात आले. 1980 मध्ये तो रोममध्ये वारला.