अणुकराराची जनरल बॉडी

बातम्यांच्या पट्टीवर देश म्हणजे एक माणूस असतो. ‘भारताने सुनावले’, ‘अमेरिका नमली’. प्रत्यक्षात वाटाघाटीला बसणाऱ्याला परक्यांशी बोलतानाच घरच्यांनाही सांभाळावं लागतं. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी १९८८ मध्ये याला दोन पातळ्यांवरचा खेळ म्हटलं.

मुंबईकराला हे समजायला रिडेव्हलपमेंट पुरे. सोसायटीचा चेअरमन बिल्डरला सांगतो, “माझं काही नाही हो, पण एवढ्या कार्पेट एरियाला जनरल बॉडी, म्हणजे सभासदांची सभा, हात वर करणार नाही.” घरी मंजूर होऊ शकतील अशा सगळ्या करारांचा संच म्हणजे पुटनम यांचा ‘विन-सेट’. दोन्ही बाजूंच्या संचांचा छेद, म्हणजे दोघांनाही चालतील असे करार, रिकामा नसेल तरच करार होतो. गंमत पुढे आहे. आपला संच लहान असेल, तर छेद आपल्या बाजूला सरकतो. म्हणजे घरचा विरोधच टेबलावर बळ देतो! पण संच फार आक्रसला, तर छेदच उरत नाही आणि बोलणी फिसकटतात.

भारत-अमेरिका अणुकरार पाहा, म्हणजे नागरी अणुऊर्जेत सहकार्याचा करार. जुलै २००५ मध्ये मनमोहन सिंग आणि बुश यांचं संयुक्त निवेदन निघालं. मग खरी ओढाताण सुरू झाली, कुठल्या अणुभट्ट्या नागरी ठरवून आंतरराष्ट्रीय तपासणीखाली द्यायच्या? अणुऊर्जा आयोगाचं मुख्यालय आपल्या मुंबईत. त्याचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये उघडपणे सांगितलं, की फास्ट ब्रीडर भट्ट्या (वापरतात त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या) या यादीत घालणं देशहिताचं नाही. भारताचा संच एका फटक्यात लहान झाला. बुश मार्चमध्ये दिल्लीत आले, तेव्हा ठरलेल्या यादीत २२ पैकी १४ भट्ट्या होत्या. ब्रीडर बाहेरच राहिले. त्याच वेळी ट्रॉम्बेची सायरस ही संशोधन भट्टी २०१० मध्ये कायमची बंद करण्याचं आपण कबूल केलं आणि केलीही.

घरची जनरल बॉडी मात्र अजून बाकी होती. जुलै २००८ मध्ये डाव्यांनी या कराराला विरोध म्हणून पाठिंबा काढला आणि सरकार विश्वासदर्शक ठरावात २७५ विरुद्ध २५६ मतांनी तरलं.

पुढे ऑक्टोबरमध्ये करारावर सह्या झाल्या. पण २०१० मध्ये आपल्या संसदेने अणुअपघाताच्या भरपाईचा कायदा केला आणि त्यात यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीकडूनही वसुलीची सोय ठेवली. त्यावर अमेरिकी कंपन्या बिचकल्या, आणि बोलणी पुन्हा सुरू झाली.