को-ह्युमुलोनचा रकाना: हॉप्सच्या तुलनेची पार्श्वभूमी

हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी वेलीवरची फुलं. त्यांच्या जातींच्या तक्त्यात, कडूपणाचं मूळ असलेल्या अल्फा आम्लाशेजारी, त्यातलाच एक घटक असलेल्या को-ह्युमुलोनची टक्केवारी हमखास असते. तिला वजन आलं ते १९७२ नंतर. त्या वर्षीच्या एका शोधनिबंधाने मांडलं की अल्फात को-ह्युमुलोनचा वाटा जास्त असेल तर कडूपणा खरखरीत होतो. मग संवर्धकांनी कमी वाट्याची रोपं निवडायचा सपाटा लावला.

संशयाची मुळं को-ह्युमुलोन जास्त असलेल्या उत्तर अमेरिकी रानटी वेलींत होती. कॅनडाच्या मॅनिटोबातल्या अशाच एका वेलीपासून इंग्लंडमध्ये 'ब्रुअर्स गोल्ड' तयार झाली आणि १९३४ मध्ये बाजारात आली. तिची लेक 'गॅलेना' १९७८ मध्ये आयडाहोतून आली, को-ह्युमुलोन चाळिशीच्या आसपास. गॅलेनाचीच जर्मन लेक 'मॅग्नम' मात्र पंचविशीला उतरली, आणि 'स्वच्छ कडूपणा' हे बिरुद तिला चिकटलं.

पण तुलना बहुतेकदा चुकीची होते. उकळताना अल्फाची आयसो-आम्लं बनतात आणि तीच बिअर कडू करतात; त्यांपैकी को-ह्युमुलोनपासून बनणारी जास्त विरघळतात, यीस्ट आणि फेसाबरोबर कमी वाया जातात. म्हणजे गॅलेना आणि मॅग्नम सारख्या अल्फाने घातल्या तरी गॅलेनाची बिअर थोडी जास्त कडू निघते, आणि चाखणारा तो जास्तीचा कडूपणा 'खरखरीत' म्हणून नोंदवतो. कडूपणा मोजून समान केल्यावर झालेल्या काही चाचण्यांत चाखणाऱ्यांना फरक सांगता आला नाही. फेस थोडा कमी टिकतो, ही तक्रार त्यामानाने पक्की. आमच्या मते या एका आकड्यावर चांगली रोपं बाद करणं घाईचंच होतं.

घरी बिअर बनवून ताडून पाहायचं तर २० लिटरला ३० आयबीयू (कडूपणाचं एकक), ६० मिनिटं उकळ आणि २५ टक्के युटिलायझेशन (घातलेल्या अल्फापैकी बिअरमध्ये कडूपणा म्हणून उतरणारा वाटा) धरून १२.५ टक्के अल्फाच्या हॉप्सचे साधारण १९ ग्रॅम लागतात. पाकिटावरचा अल्फा पॅकिंगच्या वेळचा असतो. उघडं पाकीट उबेत राहिलं तर तो घसरतो आणि सगळा हिशोब कोसळतो. माल्ट, यीस्ट आणि पाणी दोन्हीकडे एकच ठेवा, आणि उकळीच्या शेवटी काही घालू नका. सुगंध आला की कडूपणाची तुलना संपली.

आता हॉप्सचा मोठा भाग उकळीनंतर आणि ड्राय हॉपिंगमध्ये, म्हणजे थंड बिअरमध्ये हॉप्स घालण्यात, जातो. थंड बिअरमध्ये अल्फाचं आयसोमरायझेशन (आयसो-आम्लांत रूपांतर) जवळपास होतच नाही, त्यामुळे 'सिट्रा' किंवा 'मोझॅक' अशा सुगंधी जाती निवडताना हा रकाना क्वचितच कोणी बघतं. तिथे तेलांचं प्रमाण आणि त्या वर्षीचं पीक महत्त्वाचं.