नाकावर आपटणारी बग्गी

नागपुरात बेसाकडच्या एका ले-आऊटमध्ये भरणासाठी आणलेले मुरुमाचे ढीग दोन वर्षांपासून तसेच पडून आहेत. घर काही उभं राहिलं नाही, पण माझ्या भाच्याने फावड्याने थोपटून थोपटून त्यांचा रेसट्रॅक केला. त्याची बग्गी रिमोटवर चालणारी, खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, चारही चाकांना मोटरचा जोर मिळणारी. बॅटरीसकट वजन १.६ किलो. जानेवारीत ती मोठ्या ढिगावरून उडून अलगद चारही चाकांवर उतरायची. एप्रिलच्या शेवटी गाडी तीच, ढीग तोच, पण प्रत्येक उडीत नाक खाली. भाचा वैतागला. "मामा, काहून अशी करून राहिली ही? मी तर एक स्क्रूही नाही फिरवला!"

स्क्रू खरंच कोणी फिरवला नव्हता. बदललं होतं ते तेल, आणि तेही बाटलीतून नव्हे, उन्हाने.

बग्गीच्या प्रत्येक चाकापाशी बोटाएवढा शॉकअप असतो. मोटारसायकलच्या शॉकअपचंच हे धाकटं भावंड. बाहेर स्प्रिंग, आत नळी, नळीत सिलिकॉन तेल, आणि तेलात वरखाली होणारी एक छोटी चकती, म्हणजे पिस्टन. चकतीला मिलिमीटर-दीड मिलिमीटरची भोकं. स्प्रिंग धक्का साठवते आणि परत देते. तेल त्या भोकांतून रेटलं जाताना ती ऊर्जा उष्णतेत जिरवतं. नुसती स्प्रिंग असती तर गाडी चेंडूसारखी उसळतच राहिली असती.

तेल जितकं घट्ट, तितकी चकती हळू सरकते. हा घट्टपणा तापमानावर अवलंबून असतो. खनिज तेलाच्या मानाने सिलिकॉन तेल उन्हाळा बराच सोसतं, म्हणूनच ते वापरतात. तरीही १० अंशांवरून ४५ अंशांवर गेलं की त्याचा घट्टपणा जवळपास निम्म्यावर येतो. नागपुरात ही दोन्ही तापमानं एकाच वर्षात भेटतात. २३ मे २०१३ रोजी तर इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि तो सावलीतला. उन्हात तापलेल्या मुरुमावर अर्धा तास पळणाऱ्या काळ्या शॉकअपच्या पोटात काय होत असेल, ते तुम्हीच ठरवा.

पण तेल पातळ झालं म्हणून नाकच का खाली जावं?

दोन चाकांच्या जोड्यांमध्ये अंतर असतं साधारण २८ सेंटीमीटर. ताशी ३० किलोमीटर वेगाने गाडी उताराच्या टोकावर आली की पुढची चाकं सुटल्यावर मागची चाकं सुटायला सेकंदाच्या तिसाव्या भागाइतका वेळ लागतो. उडीचं भवितव्य या एवढ्याशा वेळात ठरतं. चढावर चढताना मागची स्प्रिंग दबलेली असते. टोकाशी ती मोकळी होते आणि गाडीचा मागचा भाग वर ढकलते. पुढच्या चाकांखाली तेव्हा जमीनच नसते. ढकलण्याचा वेग तेलाने रोखला तर ठीक. तेल पातळ असेल तर मागून चक्क लाथ बसते आणि गाडी हवेत पुढच्या बाजूला गिरकी घ्यायला लागते.

एकदा हवेत गेल्यावर ही गिरकी थांबवायला जमीन नाही. बाहेरून पीळ देणारं काही नसेल तर फिरण्याचा एकूण हिशेब, म्हणजे कोनीय संवेग, बदलत नाही. मग मांजर कसं उलटं पडून सुलटं उतरतं? एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये पडत्या मांजराची फोटोमालिका काढली, तेव्हा भल्याभल्यांना हाच प्रश्न पडला होता. मांजर कमरेत वाकतं आणि अंगाचा एक भाग एकीकडे, दुसरा दुसरीकडे वळवतं. एकूण हिशेब शून्यच राहतो, पण पाय खाली येतात.

बग्गीला कंबर नाही, पण चाकं आहेत! हवेत असताना थ्रॉटल, म्हणजे रिमोटवरचा वेगाचा खटका, ओढला की चाकं आणखी जोरात पुढे फिरतात आणि त्याची भरपाई म्हणून गाडीचं धड उलटीकडे, म्हणजे नाक वर, फिरतं. ब्रेक मारला की चाकं थांबतात, त्यांचं फिरणं धडाला मिळतं आणि नाक खाली जातं. भाच्याला मी हे हातात धरून दाखवलं. गाडी पोटाखाली दोन बोटांवर सैल तोलायची आणि दुसऱ्या हाताने थ्रॉटलला हलका झटका द्यायचा. नाक लगेच वर डोकावतं. (टायरला बोटं लागू देऊ नका. माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे.)

म्हणजे चुकलेली उडी हवेत थोडी सावरता येते. पण मीटरभर उंचीवरून खाली यायला पाऊण सेकंदही मिळत नाही, ०.४५ सेकंद मिळतो. दरवेळी अंगठ्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा मागच्या शॉकअपचं तेल बदलणं शहाणपणाचं.

उतरण्याचा हिशेबही बघून घ्या. मीटरभरावरून पडलेली गाडी शॉकअपच्या २५ मिलिमीटर हालचालीत थांबवायची, तर लागणारा जोर वजनाच्या साधारण चाळीसपट. १.६ किलोच्या खेळण्यावर क्षणभर मोठा माणूस बसल्यासारखं. खऱ्या गाडीला तिच्या मापाची, म्हणजे दहा मीटरची, उडी मारायला लावली तर तिचा लोळागोळा होईल. खेळणं का टिकतं? लांबी दहाव्या हिश्शावर आणली की वजन हजाराव्या हिश्शावर येतं, पण दांड्यांची जाडी, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ, शंभराव्या हिश्शावरच थांबतं. लहानाला मोठ्यापेक्षा जास्त सोसतं, हे गणित गॅलिलिओने सतराव्या शतकातच मांडलं होतं.

लहानपणाची दुसरी बाजू म्हणजे घाई. स्प्रिंगवर गाडी किती भरभर डोलते, ते स्प्रिंग वजनाखाली किती दबते यावरून निघतं. इथे ती चाकापाशी सेंटीमीटरभर दबते, म्हणून बग्गी सेकंदाला पाचेक वेळा डोलते. घरची मोटार एक-दीड वेळा डोलते. दोन खड्ड्यांच्या मधे सावरायला बग्गीला इतका कमी वेळ मिळतो, की शॉकअपमध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तरी गाडीचं वागणं बिघडतं.

म्हणून तेल भरणं हे अर्ध्या तासाचं काम, पाच मिनिटांचं नाही. आम्ही ते गच्चीवर केलं, संध्याकाळी. शॉकअप उभा धरून काठोकाठ तेल, मग पिस्टन अगदी हळू वरखाली. मोहरीएवढे बुडबुडे चकतीच्या भोकांतून निसटून वर येतात. घाई केली की तेच फुटून दुधी फेस होतो आणि पुन्हा थांबावं लागतं. नंतर पाच-दहा मिनिटं तसाच उभा ठेवायचा. झाकण लावून दांडा दाबताना कान जवळ न्यायचा. आतून चुळचुळ आवाज आला तर हवा राहिली, उघडा परत. भाच्याचा पहिला शॉकअप तीनदा उघडावा लागला.

मग परीक्षा. गाडी गुडघ्याएवढ्या उंचीवरून सपाट पडू द्यायची. ती बसावी, थोडी उठावी आणि थांबावी. टुणकन उडाली तर तेल पातळ. पोट फरशीवर खाडकन आदळलं तर तेल किंवा स्प्रिंग मऊ.

मात्र पूर्ण सेटिंग एका परीक्षेत बसत नाही, कारण चकती दोन तोंडांनी बोलते. हळू हालचालीत तेल भोकांतून शांतपणे वाहतं. वेग वाढला की ते घुसळतं आणि विरोध एकदम चढतो. त्यामुळे बारीक भोकं-पातळ तेल आणि मोठी भोकं-घट्ट तेल या दोन जोड्या हातात दाबून सारख्याच वाटतील, पण उडीवरून उतरताना पहिली दगडासारखी कडक होईल. मोठ्या उड्यांच्या ट्रॅकवर ते चांगलं, खडबडीत ट्रॅकवर वाईट. बाजारात तयार सेटिंगचे तक्ते मिळतात. माझा त्यांच्यावर फारसा विश्वास नाही, कारण मुरुम त्यांना माहीत नसतो.

मुरुमाचंही एक तंत्र आहे. सुका भुसभुशीत असेल तर लांब काट्यांचे टायर आत रुततात आणि पकड देतात. अंगणात घालतो तसा पाण्याचा हलका सडा घातला की कणांमधलं पाणी त्यांना चिकटवून धरतं आणि पकड इतकी वाढते, की गाडी वळणावर घसरायच्या ऐवजी पालथी होते. काळ्या मातीच्या बाजूला मात्र सडा नकोच. ती माती पाणी पिऊन फुगते आणि दोन फेऱ्यांत टायरचे काटे बुजतात.

आम्ही मागच्या शॉकअपमध्ये आधीपेक्षा एक पायरी घट्ट तेल भरलं. बाकी कशालाही हात लावला नाही, नाहीतर नेमकं काय बदलल्याने काय झालं ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला, मुरुम अजून गरम असताना, बग्गी ढिगावरून सपाट उडाली आणि सपाट उतरली. फक्त ढिगाआधीच्या खडबडीत पट्ट्यावर आता मागची चाकं टकटक उडताहेत, कारण घट्ट तेलात त्यांना खाली यायला वेळ पुरत नाही. मोठ्या भोकांच्या चकत्या मागवल्या आहेत.