हाडातला पू आणि हाडात भरायचं औषध

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. रावेर-यावलच्या केळीच्या गाड्या, कापसाचे ट्रक आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या दुचाक्या. अपघातात नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर येतं, जखमेत माती जाते. रॉड बसतो, टाके सुकतात, आणि काही महिन्यांनी त्याच जागी छिद्र पडून पू वाहू लागतो.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला, याच दुखण्याला सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचीही वाट आहे. विळ्यासारख्या झालेल्या रक्तपेशी हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, हाडाचा तुकडा मरतो आणि जंतूंना जागा मिळते. एरवी हाडात सापडणारा मुख्य जंतू स्टॅफिलोकोकस ऑरियस; सिकलसेलच्या मुलांमध्ये टायफॉइडच्या कुळातला साल्मोनेलाही बऱ्याचदा निघतो.

दोन्हीकडे अडचण एकच. मेलेल्या हाडाला रक्त मिळत नाही, त्यामुळे शिरेतून दिलेलं अँटिबायोटिक तिथवर पुरेसं पोहोचत नाही. शिवाय जंतू मृत हाडावर आणि रॉडवर चिकट थर तयार करून त्याआड राहतात. इंजेक्शनांवर पैसे जातात, पू मात्र थांबत नाही. मेलेलं हाड खरवडून काढावंच लागतं, आणि मग प्रश्न येतो की उरलेल्या पोकळीत काय भरायचं.

1892 मध्ये जर्मनीत ड्रीसमन या डॉक्टरांनी अशा पोकळीत फिनॉल हे जंतुनाशक मिसळलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस भरलं, पेनिसिलिनच्या कितीतरी आधी. 1940च्या दशकात पेनिसिलिन आलं, तसा मुलांचा जीव घेणारा तीव्र संसर्ग आटोक्यात येऊ लागला. जुनाट, वाहता आजार मात्र तसाच राहिला.

पुढचं मोठं पाऊल 1970 मध्ये, तेही जर्मनीतच. कृत्रिम सांधा बसवण्याच्या सिमेंटमध्ये बुखहोल्झ आणि एंगेलब्रेख्ट या डॉक्टरांनी जेंटामायसिन हे अँटिबायोटिक मिसळलं. सिमेंट घट्ट होताना तापतं, म्हणून ती उष्णता सोसणारंच औषध लागतं. त्यातून औषध झिरपत राहतं आणि रक्तात फारसं न वाढता जखमेत भरपूर मिळतं. पुढे क्लेम या डॉक्टरांनी याच सिमेंटचे मणी करून तारेत ओवले. आजही ही माळ अनेक ठिकाणी वापरली जाते, कारण ती स्वस्त पडते आणि ऑपरेशनच्या टेबलावरच बनवता येते.

पण सिमेंट विरघळत नाही. औषध संपल्यावर तेच मणी जंतूंना बसायला जागा देतात, म्हणून ते काढायला दुसरं ऑपरेशन. डोंगरातून खाली दवाखान्यात येणाऱ्या कुटुंबासाठी याचा अर्थ पुन्हा गाडीभाडं, पुन्हा बुडालेली मजुरी. मणी काढायला रुग्ण आलाच नाही, तर केलेलं सगळं काम धोक्यात येतं. त्यामुळे माझ्या मते खानदेशाच्या दृष्टीने या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग यापुढचा आहे: आपोआप विरघळणारे पदार्थ.

त्यात जुनं प्लास्टर, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, शुद्ध रूपात परत आलं. त्यात अँटिबायोटिक मिसळतात आणि ते काही आठवड्यांत विरतं. त्या काळात जखमेतून पांढरट पाणी येऊ शकतं, ते प्रत्येक वेळी पू नसतं, हे घरच्यांना आधीच सांगायला हवं. कॅल्शियम सल्फेट कधी कधी नवं हाड धरायच्या आतच निघून जातं. म्हणून त्यात हाडातच असणारं खनिज, हायड्रॉक्सीअपेटाइट, मिसळू लागले. ते सावकाश जातं आणि नव्या हाडाला आधार देतं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने या खनिजावर आधारित हाडभरणीचे पदार्थ देशातच विकसित केले आहेत.

तिसरी वाट काचेची. व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या एका अमेरिकी कर्नलने लॅरी हेंच या अमेरिकी शास्त्रज्ञांना विचारलं होतं, शरीर नाकारणार नाही असा पदार्थ करता येईल का? त्यातून 1969 मध्ये हाडाला चिकटणारी काच तयार झाली. फिनलंडमध्ये तिचाच एक प्रकार पुढे हाडाच्या संसर्गासाठी वापरात आला. काचेतले क्षार भोवतालचं अल्कधर्मी करतात, त्यात जंतू टिकत नाहीत. अँटिबायोटिक लागतच नाही असं मात्र नाही, ते शिरेतून किंवा तोंडाने चालूच ठेवतात.

यातलं काहीही नीट खरवडलेल्या जखमेशिवाय उपयोगी पडत नाही. आणि सिकलसेलच्या मुलाला ताप येऊन पाय दुखू लागला, तर ते नुसतं सिकलसेलचं दुखणं आहे की हाडात पू झालाय, हे वरवर पाहून कळत नाही; रक्ताची तपासणी, एमआरआय, आणि बहुतेक वेळा सुईने काढलेला नमुना लागतो. 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ज्या मुलांचं निदान होतंय, त्यांच्या आईवडिलांना ही गोष्ट त्याच वेळी सांगितली जावी, आणि विरघळणारं औषध जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मिळावं.