सेल्फची बॅटरी वेगळी, सोलरची वेगळी

दोन्ही १२ व्होल्टच्या, दोन्हींत शिसं आणि ॲसिड. म्हणूनच तारकर्ली-देवबागच्या खाडीत हौसेची बोट ठेवणाऱ्यालाही ट्रकची, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या सेल्फची, बॅटरी सोलर पॅनेलला जोडून मोकळं व्हावंसं वाटतं. तसं करू नका.

सेल्फच्या बॅटरीत प्लेटा पातळ आणि पुष्कळ. डिझेल इंजिन फिरवायला ती काही सेकंद शेकडो अँपिअर देते. त्यात क्षमतेतले दोन-तीन टक्केच जातात आणि अल्टरनेटर ते लगेच भरून काढतो. तिच्यावर रात्रभर पंखा चालवला, रोज ती निम्मी उतरू दिली, की प्लेटांवरचा लेप झडून तळाशी साचतो आणि सेल शॉर्ट होतो.

सोलरच्या ट्युब्युलर बॅटरीत हा लेप सच्छिद्र नळ्यांत कोंडलेला असतो, त्यामुळे ती रोजचं उतरणं सोसते. लेबल नीट वाचा: सी-१० वर (दहा तासांत उतरवली तर) १५० एएच, म्हणजे अँपिअर-तास, याचा अर्थ १५ अँपिअर दहा तास, सी-२० वर १५० म्हणजे साडेसात अँपिअर वीस तास. आकडा एकच, पण सी-१० वाली दमदार. मात्र पाणी घालायची ट्युब्युलर हलत्या बोटीत ॲसिड सांडते, आणि बॅटरीत खारं पाणी शिरलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. लहान बोटीला सीलबंद एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेली) किंवा जेल (ॲसिड घट्ट केलेली) डीप सायकलच, म्हणजे खोल उतरणं सोसणारी, बरी.

एका रात्रीचा हिशेब: नांगराचा ३ वॉटचा दिवा १२ तास, ३ एएच, मासे शोधणारा फिशफाइंडर ६, दीड अँपिअरचा पंखा आठ तास, १२, बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप २. एकूण २३. निम्मीच वापरायची, म्हणून ५० एएच ही किमान, ७५ घ्या. १०० वॉटचं पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला २०-२५ एएच देतं. डोलकाठीची सावली पडली की तेवढंही नाही.

पहाटे, पॅनेलवर ऊन यायच्या आत, सगळं बंद करून तासाभराने मल्टिमीटर लावा: १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. पंखा फिरत असताना दिसलेल्या ११.९ ने घाबरू नका.

दोन्ही बॅटऱ्यांमध्ये व्होल्टेज पाहून जोडणारा रिले बसवा; साधारण १३.३ ला तो दोन्ही जोडतो, व्होल्टेज उतरलं की सोडवतो. म्हणजे पंख्याने सेल्फची बॅटरी रिकामी होत नाही. बिल्ज पंप मात्र मेन स्विचमधून नको, फ्यूज लावून थेट सोलरच्या बॅटरीवर. वायर कल्हईच्या तांब्याची; साधं तांबं खाऱ्या हवेत हिरवं पडतं.

पावसाळ्यात बोट वर ओढून ताडपत्रीने झाकली की पॅनेल निकामी. दोन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून घरी आणा आणि महिन्याला एकदा चार्जरवर लावा. उतरलेल्या तशाच राहिल्या तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग बॅटरी चार्ज धरत नाही.