घाटचढाईचे वेळ आणि वॅट प्रति किलो

व्यावसायिक सायकल शर्यतींतील खेळाडूंनी एखादा डोंगरी चढ किती वेळात पार केला हे मोजून, त्यावरून त्यांच्या पायांतून निघालेल्या शक्तीचा अंदाज बांधण्याची आणि निरनिराळ्या वर्षांतील खेळाडूंची त्या आधारे तुलना करण्याची पद्धत. शक्ती वॅटमध्ये मोजतात. मात्र चढावर प्रत्येकाला स्वतःचे वजनही वर न्यावे लागते, म्हणून तुलनेसाठी ‘वॅट प्रति किलो’ हे परिमाण वापरले जाते.

या तुलनेतली पहिली अडचण घड्याळाचीच आहे. टूर डी फ्रान्स या अनेक दिवस चालणाऱ्या शर्यतीत रोजच्या टप्प्याची अधिकृत वेळ नोंदवली जाते, पण त्यातल्या घाटाची वेगळी नोंद सहसा ठेवली जात नाही. डोंगरी चढांवरच्या सर्वोत्तम खेळाडूची ठिपक्यांची जर्सीही माथ्यावर कोण कितव्या क्रमांकाने पोचले यावर मिळते. मुंबई-पुणे शर्यतीतला ‘घाटाचा राजा’ हा किताबही बोरघाटाचा माथा आधी गाठणाऱ्याचाच. त्यामुळे जुने वेळ बहुतेक हौशी अभ्यासकांनी दूरचित्रवाणीचे चित्रण पुन्हापुन्हा पाहून काढलेले आहेत. चढ नेमका कुठे सुरू झाला असे धरायचे, यावर उत्तर बदलते.

आल्प द्युएझ हे याचे ठळक उदाहरण. फ्रेंच आल्प्समधला हा घाट सुमारे १३.८ किमी लांब, सरासरी ८.१ टक्के चढाचा आणि २१ वळणांचा आहे. टूरमध्ये तो १९५२ साली पहिल्यांदा आला. तेव्हा फाउस्तो कोप्पी जिंकला आणि त्याचा वेळ ४५ मिनिटे २२ सेकंद सांगितला जातो. मार्को पांतानीच्या १९९७ च्या चढाईचा वेळ मात्र कुठे ३७ मिनिटे ३५ सेकंद, तर कुठे ३७ मिनिटांच्याही आत दिलेला आढळतो. चढाई एकच, फरक फक्त पायथ्याच्या खुणेचा. २००४ साली याच घाटावर वैयक्तिक वेळचाचणी (प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध धावायचे) झाली, पण ती गटाने धावलेल्या टप्प्यांशी ताडून पाहणे योग्य नाही: चाचणीत खेळाडू ताजातवाना निघतो, टप्प्यात तो आधीचे दोन-तीन घाट पायांत घेऊन पायथ्याशी येतो.

वेळ हाती आला की पुढचे भौतिकशास्त्र सोपे आहे. समजा, ६५ किलोचा खेळाडू आणि सायकल, कपडे, पाणी मिळून ८ किलो. आल्प द्युएझवर तो सुमारे १,१२० मीटर उंची ४० मिनिटांत चढला. केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याला सुमारे ३३५ वॅट लागतात. टायरच्या घर्षणाचे १५-२०, हवेच्या रोधाचे ३५-४० आणि साखळीत वाया जाणारे थोडे धरले की आकडा ४०० च्या आसपास जातो, म्हणजे किलोमागे ६ वॅटच्या जरासा वर. तीव्र चढावर बहुतेक शक्ती वजन वर नेण्यातच खर्च होते, म्हणूनच ही पद्धत घाटात चालते आणि सपाटीवर कोलमडते.

यापेक्षाही झटपट हिशेब इटालियन डॉक्टर मिकेले फेरारी याने रूढ केला. ताशी किती मीटर उंची गाठली ते काढायचे, ज्याला ‘व्हीएएम’ म्हणतात. चढाच्या टक्केवारीला दहाने गुणून त्यात २०० मिळवायचे आणि या बेरजेने व्हीएएमला भागायचे, की वॅट प्रति किलो मिळतात. वरच्या उदाहरणात उत्तर ६ येते. हाच फेरारी अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचा डॉक्टर होता आणि उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात २०१२ साली त्याच्यावर आजन्म बंदी आली. ज्याच्या कामावर सर्वाधिक संशय, त्याचेच सूत्र आज संशय घेणारेही वापरतात.

सूत्राला वारा मात्र दिसत नाही. त्याच खेळाडूला ताशी ७ किमीचा मंद वारा समोरून लागला, तर तोच वेळ राखायला सुमारे ३० वॅट जादा लागतील. सहकाऱ्याच्या मागे राहिला तर काही वॅट वाचतील. वजनाचा आकडाही संघ जाहीर करतील तोच.

१४ जुलै २०१५ रोजी ख्रिस फ्रूम ला पिएर-सँ-मार्तँच्या घाटावर सर्वांना मागे टाकून जिंकला. त्यानंतर काही दिवसांतच फ्रान्सच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याची शक्ती किलोमागे ७.०४ वॅट असल्याचा अंदाज सांगितला गेला आणि उत्तेजकांच्या संशयाने गदारोळ उठला. मग विश्रांतीच्या दिवशी त्याच्या संघाने, टीम स्कायने, सायकलवरील शक्तिमापकाचे आकडे पुढे ठेवले: ४१ मिनिटे २८ सेकंद, सरासरी ४१४ वॅट, वजन ६७.५ किलो. भागाकार केला तर ६.१३ येतात. पण फ्रूमच्या लंबगोल दातेचक्रामुळे मापक ६ टक्के जास्त दाखवतो असे सांगून संघाने ५.७८ हा आकडा दिला. १५.३ किमी आणि ७.४ टक्के चढ फेरारीच्या सूत्रात घातले, तर ६ च्या किंचित खाली उत्तर मिळते. एकाच चढाईची ही चार उत्तरे. त्यांतले सर्वांत मोठे ऐकून दोषी ठरवणे जितके घाईचे, तितकेच सर्वांत लहान ऐकून निर्धास्त होणेही.

पेडलच्या दांड्यावरचा ताण मोजणारे शक्तिमापक जर्मन अभियंता उलरिच शोबेरर याने १९८० च्या दशकात आणले. आज जवळपास प्रत्येक व्यावसायिक सायकलवर ते असते. तरी वाद मिटले नाहीत, कारण आकडे संघांकडे राहतात.

पिढ्यांची तुलना हा सर्वांत गुंतागुंतीचा भाग. १९९० च्या दशकात रक्तातील तांबड्या पेशी वाढवणारे ईपीओ सर्रास वापरले गेले आणि त्या काळचे वेळ दीर्घकाळ गाठता न येणारे मानले गेले. हॉताकाम घाटावरील १९९६ ची विक्रमी चढाई करणाऱ्या ब्यार्ने रीसने २००७ साली ईपीओ घेतल्याची कबुली दिली. स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार २०२५ साली तिथे जिंकला, तरी रीसचा वेळ मोडला नाही. प्लातो द बेय या घाटावर मात्र उलटे घडले. १४ जुलै २०२४ रोजी पोगाचारने तिथे पांतानीच्या १९९८ च्या वेळापेक्षा साडेतीन मिनिटांहून अधिक कमी वेळ घेतला. योनास विंगेगार्ड त्याच्या मागे १ मिनिट ८ सेकंदांनी आला, तोही पांतानीपेक्षा वेगवान ठरला. हलक्या व हवा कापणाऱ्या सायकली, कमी घर्षणाचे टायर, शर्यतीत तासाला १०० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके पोटात घालण्याची सवय आणि पायथ्यापासूनच संघाने लावलेला वेग ही कारणे दिली जातात. ती सगळी खरी आहेत, पण प्रत्येकाच्या वाट्याला किती सेकंद हे कोणी वेगळे काढून दाखवलेले नाही. डांबर बदलते, वारा बदलतो, आधी कापलेले अंतर बदलते. त्यामुळे एका घाटावरच्या एका दिवसापेक्षा अनेक घाटांवरचा, अनेक वर्षांचा कल पाहणेच शहाणपणाचे.

अलीकडे उपग्रहाधारित नोंदींमुळे चढाची सुरुवात आणि शेवट निश्चित झाले आहेत. स्ट्राव्हासारख्या ॲपवर हौशी सायकलस्वारही सिंहगडच्या चढाचा आपला वेळ ताडून पाहतात. बरेच व्यावसायिक खेळाडू तिथे स्वतःची चढाई टाकतात, पण शक्तीचा रकाना झाकून ठेवतात.